मदत हवी आहे: हेडसेटमध्ये उंचीची भीती उतरते, खऱ्या गच्चीवर मात्र तशीच राहते

निंबोणी
नमस्कार. आमच्या समुपदेशन केंद्रात उंचीच्या भीतीसाठी व्हीआर (हेडसेटमधून दिसणारं आभासी जग) वापरतो आणि गाडी एकाच जागी अडते आहे. प्रत्यक्ष काम करणारी मंडळी इथे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

हेडसेट क्वेस्ट २. क्लायंट चाकांच्या खुर्चीत बसतो, त्याला दिसणारं दृश्य मला मोबाइलवर दिसतं. दृश्यं म्हणजे इमारतींवरून घेतलेले ३६० अंशांचे व्हिडिओ, दुसऱ्या मजल्यापासून पंधराव्यापर्यंत. सत्र ४५ मिनिटांचं, त्यात हेडसेट २० ते २५ मिनिटं. मधूनमधून भीतीचा आकडा विचारते: ० म्हणजे शांत, १०० म्हणजे आत्ताच्या आत्ता पळून जावंसं वाटणं. आकडा चढला की दीर्घ श्वास घ्यायला लावते आणि २०-३० वर आला की पुढचा मजला.

हेडसेटमध्ये पंधराव्या मजल्यावर आकडा २० असतो. तीच व्यक्ती स्वतःच्या सोसायटीच्या गच्चीवर कठड्यापासून चार फुटांवर उभी राहिली की पुन्हा ८०. तीन प्रश्न आहेत:
१) हे का होतं आणि मांडणीत काय बदलू?
२) काहींना हेडसेट काढल्यावरही बराच वेळ मळमळतं. ती भीती की यंत्राचा त्रास, कसं ओळखायचं?
३) हीच पद्धत इंजेक्शनच्या भीतीला चालेल का?

सह्यकडा
निंबोणीताई, पहिल्या प्रश्नावर लिहितो. तुमच्या मांडणीत आकडा खाली आणणं हेच ध्येय झालंय, आणि मला वाटतं गाठ तिथेच आहे. सत्रात भीती किती उतरली यावरून ती बाहेर किती टिकेल याचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रास्के यांच्या मांडणीनुसार एक्स्पोजरमध्ये (भीतीला मुद्दाम सामोरं जाण्याच्या उपचारात) जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवा अनुभव तयार होतो, आणि तो पक्का होण्यासाठी ‘मला वाटलं होतं तसं झालं नाही’ हा धक्का बसावा लागतो. दुसऱ्या मजल्यापासून सावकाश, श्वास मोजत चढलं तर तो धक्का बसतच नाही.

म्हणून दृश्य सुरू करण्याआधी क्लायंटच्या शब्दांत भाकीत लिहून घ्या. ‘भीती वाटेल’ हे भाकीत नाही. ‘पाय लटपटून मी कठड्यावरून जाईन’, ‘मीच स्वतःला झोकून देईन’, ‘घेरी येऊन पडेन’, अशी तपासता येणारी वाक्यं हवीत. (झोकून देण्याची भीती उंचीच्या भीतीत नेहमी दिसते, पण एकदा स्वतंत्रपणे विचारा. आत्महत्येचे विचार असतील तर तो पूर्ण वेगळा विषय आहे, तिथे हेडसेट बाजूला ठेवायचा.) भाकिताची खात्री किती टक्के, तेही लिहा. मग भाकिताची परीक्षा होईपर्यंत दृश्यात ठेवा. आकडा ७० वर राहिला तरी चालेल. हेडसेट काढल्यावर पहिला प्रश्न ‘आता कसं वाटतंय’ असा विचारू नका. ‘तुम्ही म्हणाला होतात त्यातलं काय झालं?’ असं विचारा.

दुसरी गोष्ट, लपलेल्या कुबड्या. खुर्चीचे हात घट्ट धरणं, डोळे बारीक करणं, ‘हा तर व्हिडिओच आहे’ असं मनात घोळवणं. तुम्ही सांगता तो दीर्घ श्वासही अशीच कुबडी होतो, कारण ‘श्वास घेतला म्हणून वाचलो’ हाच धडा पाठ होतो. मोबाइलवरच्या चित्राचा मध्यभाग बघत राहा, साधारण तीच क्लायंटची नजर. चित्राच्या मध्यावर सारखं क्षितिज किंवा समोरची इमारत असेल तर त्याने खाली पाहिलेलंच नाही, आणि २० हा आकडा क्षितिजाचा आहे, पंधराव्या मजल्याचा नाही. तेव्हा काम द्या: खालच्या गाड्या मोजा, त्यातल्या लाल किती ते सांगा, कठड्यावरून वाका.

डॅनियल फ्रीमन आणि सहकाऱ्यांची ऑक्सफर्डची २०१८ची चाचणी याच तत्त्वावर बांधलेली होती. १०० जण, त्यातले ४९ व्हीआर गटात. आभासी दहा मजली इमारत, सूचना द्यायला आभासी प्रशिक्षक, साधारण अर्ध्या तासाची सहाएक सत्रं दोन आठवड्यांत. झाडावरून मांजर सोडवून आणण्यासारखी कामं करता करता माणूस कडेला जातो. त्या गटात उंचीची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी कमी झाली. तिथे कोणी आकडा उतरायची वाट बघत बसलं नव्हतं.

आणि हेडसेट आठवड्यात एकदा, गच्ची ‘नंतर बघू’, असं करू नका. दोन्ही त्याच आठवड्यात.

भिंग
मी दृश्यं बनवण्याच्या बाजूचा. ताई, ३६० व्हिडिओ हे तुमच्या अडचणीचं मोठं कारण असू शकतं. व्हिडिओत डोकं वळवता येतं, पण पुढे वाकलं तरी कॅमेरा जागचा हलत नाही. खऱ्या कठड्यावर वाकलं की कडेखालची जमीन उलगडत जाते, आणि पोटात गोळा येतो तो तेव्हा. व्हिडिओत ते घडतच नाही. शिवाय डोकं हललं आणि चित्र हललं नाही की कान आणि डोळे वेगवेगळं सांगतात, त्यातून मळमळ. म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही इथेच आहे. संगणकावर उभारलेली त्रिमितीय दृश्यं घ्या, ज्यात वाकता, वळता आणि दोन पावलं चालता येतं.

तसं दृश्य घेतल्यावर:

जमिनीची पातळी प्रत्येक क्लायंटआधी नव्याने लावा. ती वीसेक सेंटिमीटरने चुकली तरी कमरेएवढा कठडा छातीपर्यंत येतो आणि सगळी भीती जाते, किंवा मांडीपर्यंत उतरतो आणि नको तेवढी वाढते.

खुर्ची काढा, उभं करा. २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा हवी. दृश्यात कडा असेल तिथे खऱ्या जमिनीवर ३-४ सेंटिमीटर जाडीची फळी ठेवा आणि पायाचे चवडे तिच्या कडेबाहेर येऊ द्या. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिलच्या प्रयोगशाळेत आभासी खड्ड्याच्या काठाशी दीड इंची लाकडी कड लावली, तेव्हा लोकांच्या हृदयाचे ठोके आणखी वाढले (२००२). इतकी स्वस्त आणि इतकी परिणामकारक गोष्ट या सगळ्या यंत्रणेत दुसरी नाही.

जॉयस्टिकने सरकवणं बंद. पायी चाला किंवा ठिकाण बदलताना क्षणभर पडदा काळा करा.

डोळ्यांतलं अंतर: क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच खाचा आहेत. चुकीच्या खाचेत डोकं दुखतं. चष्मेवाल्यांसाठी मधली चौकट घालायला विसरू नका, नाहीतर भिंगांवर चरे पडतात.

दृश्य अचानक डगमगत असेल तर खोली तपासा. कोऱ्या पांढऱ्या भिंती आणि मोठा आरसा यांनी हेडसेटचे कॅमेरे गोंधळतात. भिंतीवर दोन-चार चित्रं लावा, आरसा झाका. ट्यूबलाइट लुकलुकत असेल तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची वारंवारता ५० हर्ट्झ करा. आणि हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगातून आलेलं ऊन आतला पडदा जाळतं.

अंगण
मानसोपचाराच्या बाजूने दुसरा आणि तिसरा प्रश्न घेते.

मळमळ: केनेडी आणि सहकाऱ्यांची १९९३ची सिम्युलेटर सिकनेस प्रश्नावली वापरा. १६ लक्षणं आहेत, हेडसेटआधी एकदा आणि नंतर एकदा भरून घ्यायची. आधीची भरली नाही तर नंतरच्या उत्तरांना अर्थ नाही, कारण घाबरलेला माणूस आधीच घामेजलेला असतो. ढोबळ फरक असा, की भीती काठाजवळ चढते आणि दृश्य बंद झाल्यावर काही मिनिटांत ओसरते. यंत्राचा त्रास काठाशी संबंध न ठेवता मिनिटागणिक साचत जातो, डोळे जड होतात, आणि हेडसेट काढल्यावरही रेंगाळतो. अशा दिवशी लगेच दुचाकीवरून घरी पाठवू नका.

सुरुवातीलाच विचारायच्या गोष्टी: फिट येण्याचा इतिहास, अर्धशिशी, कानाच्या तोलाचे विकार. कूस बदलल्यावर खोली गरगरते असं कोणी म्हणालं तर तो उंचीच्या भीतीचा क्लायंट नसू शकतो, आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. कोणी सत्राआधी क्लोनाझेपामची (घबराट शमवणाऱ्या औषधाची) अर्धी गोळी घेऊन येतं. मग शिकणं गोळीच्या खात्यात जमा होतं. पण गोळी परस्पर बंद करायला सांगू नका, ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांशी बोला.

इंजेक्शनची भीती: हीच पद्धत जशीच्या तशी नको. बाकीच्या भीतींमध्ये रक्तदाब वाढतो आणि चढा राहतो. रक्त-इंजेक्शनच्या भीतीत तो आधी चढतो आणि मग एकदम घसरतो, म्हणून माणूस खरोखर बेशुद्ध पडतो. इथे ‘पडेन’ हे भाकीत खरं ठरू शकतं आणि अंग सैल सोडायला सांगणं उलटंच पडतं. लार्स-गोरान ऑस्ट यांचं ताणतंत्र आधी शिकवा: हात, पाय आणि धड यांचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम होईपर्यंत. मग २० ते ३० सेकंद नेहमीच्या स्थितीत यायचं, पूर्ण सैल पडायचं नाही. असं पाच वेळा, आणि हा संच घरी दिवसातून पाचदा. ते जमल्यावरच सुईचं दृश्य, तेही मागे कलणाऱ्या खुर्चीत. चेहरा पांढरा पडतोय का, हे हेडसेटखाली दिसत नाही. म्हणून ओठांकडे लक्ष ठेवा आणि बोलतं ठेवा. उत्तरं तुटक यायला लागली की हेडसेट काढून आडवं करा, पाय वर.

निंबोणी
खूप आभार, सगळ्यांचेच. दोन शंका उरल्या. साठीच्या क्लायंटना फळीवर उभं करणं सुरक्षित आहे का? आणि गच्चीचा क्रम नेमका कसा लावायचा?

भिंग
फळीखाली रबरी चटई, तुम्ही हाताच्या अंतरावर उभ्या, पण हात धरायचा नाही. गुडघ्याचं किंवा तोलाचं दुखणं असेल तर फळी नको, जमिनीवर जाड दोरी चिकटवा. तळव्याला कड जाणवली तरी पुष्कळ.

सह्यकडा
क्रमाची फार कडक शिडी लावू नका. रेल्वेचा पादचारी पूल, मॉलमधली काचेची लिफ्ट, नातेवाइकांची गॅलरी, सोसायटीची गच्ची, अशा सहा-सात जागा लिहा आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून चिठ्ठी काढल्यासारख्या उलटसुलट घ्या. एकदा दुपारी, एकदा अंधार पडल्यावर. एकदा सोबत, मग एकटं. एकाच गच्चीवर तालीम केली तर धडा त्या गच्चीपुरताच राहतो.

गच्चीवर तेच भाकिताचं पान घेऊन जा. कठड्यापासून चार फूट, दोन फूट, मग पोट कठड्याला टेकवून दोन्ही हात मागे, नजर खाली पार्किंगवर. कठडा छातीएवढा आणि भक्कम आहे, याची खात्री तुम्ही आधी एकट्या जाऊन करा. मोजणीसाठी कोहेन यांची उंचीच्या भीतीची प्रश्नावली पहिल्या दिवशी, शेवटी आणि तीन महिन्यांनी भरून घ्या. त्यात २० प्रसंग आहेत, भीतीचे गुण १२० पैकी आणि टाळाटाळीचे ४० पैकी. टाळाटाळीचे गुण उतरले नसतील तर हेडसेटमधला आकडा कितीही खाली असो, उपचार संपलेला नाही असं धरा.