मदत हवी आहे: केंब्रिजची इंग्रजी परीक्षा द्यायची आहे, पण इंग्रजीत बोलायला कोणीच नाही

खानापूरची नववी:

नमस्कार. मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये नववीत आहे. पहिली भाषा मराठी, दुसरी इंग्रजी, तिसरी कन्नड. पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे दहावीची बोर्डाची परीक्षा, असल्यामुळे वेळ मिळणार नाही, म्हणून त्याआधीच केंब्रिजची ‘बी१ प्रिलिमिनरी फॉर स्कूल्स’ ही शाळकरी मुलांसाठीची मधल्या पातळीची परीक्षा द्यायची इच्छा आहे. दहावीनंतर बेळगावला सायन्सला जायचं आहे. तिथं सगळं इंग्रजीतून असतं, आणि त्या वर्गात मला गप्प बसायचं नाही.

नमुना पेपर उतरवून घेतले आहेत. रीडिंगचं मला फारसं भय नाही. ४५ मिनिटांत ३२ प्रश्न असतात, ते बहुतेक होतात. फक्त शेवटच्या भागात गाळलेला शब्द आपल्या मनानं लिहायचा असतो, तिथं चुका होतात. रायटिंगमध्ये सुमारे १०० शब्दांचा ईमेल आणि तेवढाच लेख किंवा गोष्ट. शाळेत आम्ही रजेचा अर्ज, मुख्याध्यापकांना पत्र असं पाठ करून लिहितो. इथं आलेल्या ईमेलवरच चार टिपा असतात आणि त्या चारांनाही उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे पाठांतर चालत नाही.

खरी अडचण लिसनिंग आणि स्पीकिंगची. रेकॉर्डिंग दोनदा ऐकवतात, पण पहिल्यांदा मला नावं आणि आकडेच कळतात. आणि बोलायचं तर कोणाशी? घरी मराठी, बाजारात कन्नड आणि हिंदी. वर्गात इंग्रजीचा धडासुद्धा मराठीतून समजावतात. कोणी इंग्रजीत विचारलं की मी आधी मनात मराठी वाक्य जुळवते, तोवर समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो.

क्लासला बेळगावला रोज जाणं परवडणार नाही. पावसात आमच्याकडे रेंजही जाते, त्यामुळे ऑनलाइन क्लासचा भरवसा नाही. अशा परिस्थितीत घरी राहून बोलण्याची तयारी कशी करायची? ओळखीच्या एकांनी ‘त्यापेक्षा आयईएलटीएसच दे’ (परदेशी शिकायला जाताना देतात ती इंग्रजीची परीक्षा) असं सांगितलं, ते बरोबर आहे का? केंद्र आणि फी कुठं कळेल? आकडा आधी कळला तर बाबा भात विकल्यावर तेवढे पैसे बाजूला ठेवतो म्हणालेत.

शहापूरचा दादा:

आयईएलटीएस आत्ता देऊ नकोस. त्याचा निकाल साधारण दोन वर्षंच धरतात. बारावीनंतर परदेशी अर्ज करायची वेळ येईल तेव्हा आत्ताचा निकाल उपयोगी पडणार नाही. शिवाय तिथं रेकॉर्डिंग एकदाच ऐकायला मिळतं आणि एका निबंधाला किमान २५० शब्द लागतात. नववीत त्यात पैसे घालायची काही गरज नाही. केंब्रिजच्या प्रमाणपत्रावर मुदत नसते.

केंद्र शोधायला केंब्रिज इंग्लिशच्या वेबसाइटवर सोय आहे. बेळगावबरोबर हुबळी, कोल्हापूर आणि गोवाही बघ. नोंदणी अधिकृत केंद्राकडेच होते, एजंटाला पैसे देऊ नका. फोन केल्यावर फी किती, नोंदणीची शेवटची तारीख कुठली, परीक्षा कागदावर की कॉम्प्युटरवर, आणि स्पीकिंग त्याच दिवशी आहे का, एवढं नक्की विचार. स्पीकिंग वेगळ्या दिवशी असू शकतं. खानापूरहून दोन खेपा कराव्या लागतील की मुक्काम, हे बाबांना आधी माहीत असलेलं बरं.

नापास होईन याची भीती असेल तर एक सांगतो. केंब्रिजच्या स्वतःच्या मोजपट्टीवर १४० गुणांपासून पुढं बी१ मिळतं. १२० ते १३९ पडले तरी ए२, म्हणजे एक पायरी खालच्या पातळीचं प्रमाणपत्र मिळतं, आणि १६० किंवा त्याच्या वर गेलीस तर बी२, म्हणजे एक पायरी वरची पातळी लिहून येते.

निपाणीची मॅडम:

बाळ, मी इंग्रजी शिकवते, तेही आपल्यासारख्याच मुलांना. तुझा प्रश्न मला वर्षानुवर्षं ऐकायला मिळतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मनात मराठी जुळवायची सवय ‘जुळवू नकोस’ म्हटल्यानं जात नाही. तोंडाला तयार वाक्यं लागतात. स्पीकिंगचा दुसरा भाग त्यासाठी फार चांगला आहे. एक रंगीत फोटो देतात आणि साधारण मिनिटभर त्यावर बोलायचं असतं. रोज मोबाइलमधला एक फोटो घे. भाताची लावणी, खानापूर स्टेशन, गल्लीतला गणपती, काहीही चालेल. कोण आहे, कुठं आहे, काय करतंय, मागं काय दिसतं, चेहऱ्यावरून काय वाटतं, या क्रमानं बोल आणि रेकॉर्ड कर. मग स्वतः ऐक. सुरुवातीला वीस सेकंदांत बोलणं संपेल, संपू दे. त्याच फोटोवर लगेच पुन्हा बोल. दुसऱ्या खेपेला वाक्यं आपोआप लांबतात, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलंय.

फोटोत सूप दिसलं आणि त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवलं नाही, तर थांबू नकोस. ‘अ थिंग वी यूज टु क्लीन राइस’ म्हण आणि पुढं जा. शब्द अडला तरी मार्ग काढता येणं हेच त्यांना बघायचं असतं. उच्चार इंग्रजांसारखे हवेत असं अजिबात नाही. आपल्या वळणाचं बोललं तरी चालतं, ऐकणाऱ्याला स्पष्ट कळलं पाहिजे. ‘शिप’ आणि ‘शीप’मधला ऱ्हस्व-दीर्घ मात्र सांभाळ. मराठी बोलताना आपण तिकडं लक्ष देत नाही, इंग्रजीत तिथं अर्थ बदलतो.

लिसनिंगमध्ये आपली मुलं शब्द ऐकून फसतात. पर्यायातले तिन्ही शब्द रेकॉर्डिंगमध्ये येतात. मुलगी म्हणते, बसनं जाणार होते, भावानं गाडी आणतो म्हटलं, शेवटी ट्रेननं गेले. ‘बस’ ऐकलं की मुलं खूण करून मोकळी होतात. बट, इन द एंड, इन्स्टेड असे शब्द आले की कान टवकार, उत्तर बहुधा त्यापुढं असतं. रेंज असेल तेव्हा केंब्रिजच्या नमुना पेपरांचे ऑडिओ आणि बीबीसी लर्निंग इंग्लिशचे ‘सिक्स मिनिट इंग्लिश’चे भाग उतरवून ठेव. दोन्ही फुकट आहेत. आधी न वाचता ऐक, मग लिखित मजकूर समोर ठेवून ऐक, मग मजकूर झाकून त्यांच्यामागोमाग म्हण.

रीडिंगच्या सहाव्या भागात तू चुकतेस कारण तिथं अ, द, ऑफ, हॅज, बीन असे बारके शब्द विचारतात. मराठीत अ, द यांसारखी आर्टिकल नाहीत, म्हणून ती सुटतात. व्याकरणाचं पुस्तक घोकण्यापेक्षा एक छोटा परिच्छेद वहीत उतरव, हे बारके शब्द खोड आणि दोन दिवसांनी भरायला बस.

ईमेल लिहिताना चारही टिपांपुढं खूण कर. एक टीप राहिली तर इंग्रजी कितीही सुंदर असो, मजकुराचे गुण जातात.

खानापूरची नववी:

मॅडम, दादा, खूप आभार. आज आमच्या शेतातल्या फोटोवर बोलून बघितलं, शेवटी शेवटी नुसतं ‘अँड… अँड…’ झालं, पण उद्या पुन्हा करणार आहे. माझी एक मैत्रीणही तयार झाली आहे. अजून एकच विचारते. स्पीकिंग जोडीनं असतं ना? परीक्षेत जोडीदार इंग्रजी माध्यमाची, फाडफाड बोलणारी मिळाली तर माझे गुण कमी होतील का?

निपाणीची मॅडम:

नाही. गुण प्रत्येकीला वेगळे देतात. आत दोन परीक्षक असतात. एक तुमच्याशी बोलतो, दुसरा नुसता ऐकून गुण देतो. दोघींची मिळून साधारण बारा मिनिटं. तिसऱ्या भागात चित्रं बघून आपसात ठरवायचं असतं, तिथं जोडीदाराचं ऐकून त्यावर बोलण्याला गुण आहेत. ती फार बोलत असेल तर ‘आय अग्री, बट…’ म्हणून मध्ये शिर, मग ‘व्हॉट डू यू थिंक?’ विचारून तिला बोलू दे. प्रश्न कळला नाही तर ‘कुड यू रिपीट दॅट, प्लीज?’ म्हण, बिनधास्त. मैत्रिणीबरोबर सराव करताना ही तीन वाक्यं रोज वापर. आणि आठवड्यातून एकदा तरी वर्गातल्या दुसऱ्या कुणाबरोबर बस, कारण त्या दिवशी समोर मैत्रीणच असेल असं नाही.