खाडीवर भराव आधी की पक्ष्यांसाठी बदली जागा आधी?

चर्चाप्रस्ताव
नदीमुखाच्या चिखलावर भराव टाकून बंदर किंवा कारखाना उभारायचा आणि त्या बदल्यात दुसरीकडे पाणथळ जागा करून द्यायची, ही तडजोड आता अनेक देशांत रुळली आहे. माझे म्हणणे एवढेच आहे, की बदली जागा आधी तयार व्हावी, पाणपक्षी तेथे चरू लागलेले दिसावेत आणि त्यानंतरच जुन्या जागेवर भराव पडावा. इंग्लंडमधील मेडवे नदीमुखावरची लॅपेल बँक ही चिखलपट्टी शीअरनेस बंदराच्या विस्तारासाठी संरक्षित क्षेत्रातून वगळली गेली. त्याविरुद्धच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले, की अशा क्षेत्राची सीमा आखताना आर्थिक कारणे विचारात घेता येत नाहीत. पण तोवर भराव पडून गेला होता, आणि वॉलसी बेटावर समुद्राचा बांध फोडून, भरतीचे पाणी आत घेऊन बदली जागा मिळाली ती २००६ मध्ये.

प्रतिसाद १ : असहमत
बंदरे नदीमुखाशी येतात, कारण लाटांपासून आसरा आणि आतल्या प्रदेशाकडे जाणारा मार्ग दोन्ही तेथेच मिळतात. नव्या चिखलात किडे आणि शिंपले रुजायला काही वर्षे जातात. तोवर प्रकल्प अडवून ठेवायचा, तर तो रद्द केल्यासारखाच आहे. ज्यांची पोटे त्या रोजगारावर अवलंबून आहेत, त्यांचा विचार या प्रस्तावात कोठेही दिसत नाही. शिवाय पक्षी उडू शकतात. शेजारचा चिखल त्यांना वर्ज्य नाही.

प्रतिसाद २ : प्रतिसाद १ ला उत्तर
शेवटच्या वाक्याची परीक्षा वेल्समधील कार्डिफ येथे होऊन गेली आहे. तेथे १९९९ मध्ये बंधारा पूर्ण झाला आणि उपसागरातला चिखल कायमचा पाण्याखाली गेला. तेथले टिलवे शेजारच्या किनाऱ्यावर गेलेही. मात्र अभ्यासकांना त्यांचे वजन घटलेले आणि हिवाळ्यात तगून राहण्याचे प्रमाण कमी झालेले आढळले. टिलवा लहान अंगाचा पक्षी आहे, थंडीत त्याची ऊब झपाट्याने जाते आणि ओहोटीचे मोजके तास त्याला सतत टोचत राहावे लागते. त्याच थंडीत किडे चिखलात खोल जातात. शेजारच्या चिखलावर आधीच इतर पक्षी चरत असतात, हे तर वेगळेच. दक्षिण कोरियातील सेमांगम येथे २००६ मध्ये सुमारे ३३ किलोमीटरच्या बांधाने दोन नद्यांचे मुख बंद झाले, तेव्हा तर लांब पल्ल्याच्या प्रवासात तेथे उतरून चरबी साठवणाऱ्या पक्ष्यांचा थांबाच गेला.

प्रतिसाद ३ : अंशतः सहमत
वॉलसीची पुढची गोष्टही सांगायला हवी. लंडनच्या क्रॉसरेल या रेल्वेमार्गाच्या बोगद्यांतून निघालेली तीस लाख टनांहून अधिक माती तेथे नेऊन जमीन उंचावली गेली आणि २०१५ मध्ये आणखी बांध फोडून भरतीचे पाणी आत घेतले गेले. म्हणजे मोठे बांधकाम पाणथळीच्या कामी येऊ शकते, हे मला महत्त्वाचे वाटते.

प्रतिसाद ४ : प्रतिसाद १ च्या लेखकाकडून
कार्डिफचा मुद्दा मला मान्य आहे, पण सरसकट अट अजूनही नाही. परवानगी टप्प्याटप्प्याने द्यावी : बदली जागेचे काम जितके पुढे जाईल, तितक्याच क्षेत्रावर भराव टाकता यावा.

प्रस्तावकाचे उत्तर
हे मला चालेल, मात्र काम पुढे गेले हे बांध फोडल्याच्या तारखेवरून ठरू नये. ते हिवाळ्यातील पक्षीगणनेवरून आणि चिखलातल्या किड्यांच्या नमुन्यांवरून ठरावे, आणि ही मोजणी प्रकल्पाच्या कंपनीकडे नसावी.