मदत हवी आहे : दख्खन दंग्यांच्या अहवालाची परिशिष्टं

नमस्कार मंडळी,

मे १८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं आणि हिशेबाच्या वह्या जाळल्या. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या त्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला. मला त्याची परिशिष्टं वाचायची आहेत. कर्जदारांच्या आणि सावकारांच्या जबान्या आहेत त्यात. माझ्या दृष्टीने अहवालाचा खरा जीव तिथेच आहे.

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ब्रिटिश संसदीय कागदपत्रांच्या डेटाबेसची वर्गणी भरलेली आहे. पण माझी पीएचडीची नोंदणी संपली आणि लॉगिन बंद झालं. ग्रंथालयातल्या संगणकावर बसून पाहता येईल का? बाहेरच्या वाचकाला ते परवानगी देतात का? कुणी अशी घेतली असेल तर अर्ज कसा केलात, तेही सांगा.

दुसरी अडचण शोधाची. स्कॅनमधली अक्षरओळख कच्ची असते, शिवाय गावांची स्पेलिंगं जुनी. ‘पुणे’ टाकून काही मिळत नाही, ‘पूना’च लागतं. सुपे, शिरूर, पारनेर यांची त्या काळची स्पेलिंगं कुणी जमवली आहेत का? असतील तर कृपया इथेच टाका.