के२-१८बी ग्रहावरील वायू इथून कसे ओळखतात?

प्रश्न: काल मुलीला नागपूरच्या गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्राचे तारांगण दाखवून आणले. परतताना तिने विचारले, की १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या के२-१८बीच्या वातावरणात मिथेन आहे हे इथे बसून कसे कळते? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर १: हा ग्रह दर ३३ दिवसांनी आपल्या ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा ताऱ्याचा अगदी थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणाच्या कडेतून गाळून येतो आणि प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषत असल्यामुळे वर्णपटात (प्रकाशाच्या रंगपट्ट्यात) त्या त्या जागी खाचा दिसतात. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या अशाच निरीक्षणांतून २०२३ मध्ये तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड ओळखले गेले. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद धरून दाखवा. कागदाने इतर रंग अडवून मुख्यतः लाल प्रकाशच पुढे जाऊ दिला, हे तिला भिंतीवरच दिसेल.

उत्तर २: एक सावधगिरी मात्र बाळगावी. २०२५ मध्ये तिथे डायमिथाइल सल्फाइडचे संकेत मिळाल्याचे जाहीर झाले आणि पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी प्लवकांमुळे (समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे) तयार होत असल्याने जीवसृष्टीची चर्चा सुरू झाली. परंतु तो संकेत तीन सिग्मा (संकेत निव्वळ योगायोगाचा नसल्याच्या खात्रीचे माप) इतकाच होता, शोध मानण्यासाठी पाच सिग्मा लागतात, आणि इतर संशोधकांनी त्याच नोंदी पुन्हा तपासून शंका घेतल्या आहेत. शिवाय हा वायू एका धूमकेतूवरही आढळला आहे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. जिलेटीन कागद आजच आणतो.