६० लाख गोळा करून सेंट लुइसलाच का?

कृष्णाकाठ: खानापूर तालुक्यातल्या एका पोराच्या ऑपरेशनची पोस्ट कालपासून प्रत्येक ग्रुपवर फिरतीय. वय पाच, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळं स्नायू ताठ राहतात), टाचा टेकत नाहीत, वॉकर धरून चालतो. अमेरिकेत सेंट लुइसला एसडीआर नावाचं नसांचं ऑपरेशन करायचं, ६० लाख पाहिजेत, आणि ठळक अक्षरात "भारतात यावर उपाय नाही". इथं माझं डोकं फिरलं. एसडीआर मुंबईत होतं. कमरेपाशी पायाकडून येणाऱ्या संवेदनेच्या नसांचे धागे तपासून त्यातले काही कापतात, ताठरपणा उतरतो. पण पोरगं चालतं ते पुढच्या फिजिओनं, आणि तो वर्षानुवर्षं करावा लागतो. त्याचा एक रुपया त्या पोस्टमध्ये धरलेला नाही.

विट्याचा विक्या: पोस्ट माझीच. सेंट लुइसच्या डॉ. टी. एस. पार्क यांनी हजारो पोरांची ऑपरेशनं केलीत. मुंबईत किती झाली ते सांगा. स्वतःचं पोरगं असतं तर असा हिशेब घालत बसला असता का?

कृष्णाकाठ: मग "तिथं अनुभव जास्त" असं लिहा की, ते मान्य. ब्रिटनमधले आईबापही वर्गणी काढून तिथंच जायचे. २०१८ पासून इंग्लंडमधली सरकारी आरोग्यसेवा या ऑपरेशनचा खर्च करते, तेही ३ ते ९ वयाच्या निवडक मुलांचा. सरसकट सगळ्यांना हे ऑपरेशन करत नाहीत. या पोराला इथल्या कुणा जाणकारानं तपासलंय का, का व्हिडिओ बघूनच ठरलं?

जतची आई: माझी मुलगी अकराची, तिलाही हाच आजार. जत ते मिरज एसटी, पोरगी कडेवर, पिशवीत स्प्लिंट आणि डबा. एका फिजिओसाठी अख्खा दिवस, मालकांचा रोजगार बुडतो तो वेगळाच. ताठरपणा कमी करायला बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं, काही महिन्यांत त्याचा असर उतरला. अशा मुलांसाठीच्या सरकारी निरामय विम्यात लाखापर्यंतची सोय आहे, थेरपीलाही मिळतं, हे मला कुठल्या साहेबानं नाही, वेटिंगमध्ये बसलेल्या दुसऱ्या आईनं सांगितलं. अमेरिका म्हटलं की गाव धावतं. महिन्याच्या फिजिओला पैसे मागितले की "बघू". त्यात फोटो निघत नाही ना कुणाचा.

मैदानवाले आबा: धावतंय तर धावू द्या की ताई. आमच्या मंडळानं त्याच पोरासाठी बैलगाडी शर्यतीचं मैदान धरलंय. प्रवेश फी सगळी पोराला.

हळदीचं पान: वा! मुक्या जनावरांना पळवून पुण्य.

मैदानवाले आबा: आलं का शहाणं? २०१४ ला शर्यती बंद केल्या तवा खिलारला बाजारात गिऱ्हाईक नव्हतं. दावणी मोकळ्या झाल्या, तेव्हा कुठं होतास? २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं शर्यतीचा कायदा उचलून धरला. कोर्टापेक्षा तू मोठा का?

हळदीचं पान: कोर्टानं नियमासकट परवानगी दिलीय आबा. गेल्या उन्हाळ्यात एका मैदानात गाडीवान बैलाची शेपटी दातानं चावत होता. मी कुंपणाला चिकटून उभा होतो, ऐकीव नाही.

मैदानवाले आबा: कुठलं मैदान? नाव टाक. आमच्यात असला गडी जागेवर बाद. माझा बैल मी पोरागत सांभाळतो, माझ्याआधी त्याला पेंड.

तासगावकर: पहिल्या नंबराला बुलेट देताय ना आबा? तीच विका आणि पोराला द्या. बैलही निवांत, पोरगंही.

मैदानवाले आबा: बक्षीस नसलं तर गाडी आणणार कोण, तू?

रिटायर मास्तर: बैल सोडा हो जरा. पैसे कुणाच्या खात्यावर चाललेत? आमच्या गावात एका मुलीसाठी असंच गोळा केलं. ऑपरेशनआधीच ती गेली. उरलेल्या पैशाचा हिशेब विचारला, तर माणुसकी नसलेला मास्तर म्हणून मीच बदनाम.

विट्याचा विक्या: खातं पोराच्या वडिलांचं आहे. चोर म्हणताय का त्यांना?

रिटायर मास्तर: एस्टिमेट टाका म्हणतोय. दवाखान्याचं पत्र टाका. थेट दवाखान्याला पैसे गेले तर माझे पाच हजार पहिले.

विट्याचा विक्या: टाकतो. "उपाय नाही" ही ओळ पण काढतो, कृष्णाकाठ साहेबांना झोप लागू दे. मुंबईत दाखवायला आमची ना नाही, पण नंबर तुम्ही लावायचा. नुसता सल्ला नको.

कृष्णाकाठ: लावतो. रिपोर्ट पाठवा. आणि फिजिओचा खर्च ६० लाखात धरून परत टाका, नाहीतर पुढच्या वर्षी परत हीच पोस्ट.

जतची आई: त्या पोराच्या आईचा नंबर द्या मला कुणीतरी. निरामयचं सांगते तिला.

मैदानवाले आबा: मैदान होणारच. पान, ये तू बघायला. वर्गणी घेऊन.

हळदीचं पान: येतो की. मोबाईल चार्ज करून.