आई माळकरी, लेकरं गोडखाऊ: पॅरिस, व्हिएन्ना, रोम, इस्तंबूलच्या बेकऱ्यांत काय खावं?

मांजराकाठ (लातूर)

राम राम मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत पॅरिस, व्हिएन्ना, रोम आन् येताना इस्तंबूल असं जायलोत. मी, बायको, दोन लेकरं आन् आई. टूरवाल्यांसोबत नाही, सगळं आपलं आपणच बुक केलंय, त्यामुळं जेवणाचं मी बघून घेतो, धपाटे आन् शेंगदाण्याची चटणी बॅगेत राहीलच. प्रश्न गोडाचाय. लेकरांनी मोबाईलवर बघून बघून यादीच करून ठेवलीय, हे खायचं ते खायचं, पेस्ट्रीची दुकानं तर नकाशावर खुणा करून ठेवलेत. बायकोला केकातलं अंडं चालतं, नुसतं दिसलं की चालत नाही. आन् आई माळकरी. ज्या तव्यावर आम्लेट झालंय त्यावरची पोळी बी खात नाही, पण गोडाची लई आवड. ती आत्ताच म्हणायलीय, मी बाहेर बाकड्यावर बसते, तुम्ही खा. हे मला नको वाटतंय. सगळ्यांनी मिळून टेबलावर बसून काहीतरी खावं एवढंच. तर कुठं काय घ्यावं, कशात काय असतं, आन् त्या नावाजलेल्या दुकानांपुढं रांगा असतात म्हणं, तिथं थांबण्यात अर्थ हाय का? जाणकारांनी सांगावं.

पैठणगेट (संभाजीनगर)

भाऊ, मी पॅरिसला शिकायला होतो त्यामुळे तिथलं सांगतो. पहिली गोष्ट, दुकानात शिरलं की आधी 'बोंजूर' म्हणायचं, मग बोट दाखवायचं. हे नाही केलं की समोरची बाई एकदम थंड होते, केलं की तीच बाई हातवारे करून सगळं समजावून सांगते.

तिथे बुलांजरी म्हणजे पावाचं दुकान आणि पातिसरी म्हणजे केक-पेस्ट्रीचं, बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकत्रच असतं. १९९८ पासून तिथे कायदा आहे, जो स्वतः त्याच जागेवर पीठ मळून पाव भाजतो त्यालाच बुलांजरी अशी पाटी लावता येते. पण हा नियम पावाला आहे, क्रोसाँ (पदर सुटणारी पेस्ट्री) फ्रोजन आणून नुसतं भाजलं तरी चालतं, म्हणून पाटी बघून सगळंच ताजं असेल असं धरू नका. क्रोसाँ घेताना 'ओ ब्यर' म्हणजे लोण्याचं मागा. साधारणपणे लोण्याचं सरळ असतं आणि मार्गारीनचं चंद्रकोरीसारखं वाकवलेलं. सकाळी साडेसात-आठला जा, अजून कोमट असतं, तोडलं की आतले पदर मधमाशीच्या पोळ्यासारखे दिसतात आणि बोटांना लोणी लागतं. तेच क्रोसाँ दुपारी चारला खाल्लं तर म्हणाल यात काय एवढं.

लेकरांना पारी-ब्रेस्त द्या. पॅरिस ते ब्रेस्त सायकल शर्यतीच्या आठवणीत १९१० साली केलेला प्रकार, सायकलच्या चाकासारखा गोल, मधे प्रालिनचं म्हणजे साखरेत परतून वाटलेल्या हेझलनट-बदामाचं क्रीम. माझ्या मते मॅकरॉनपेक्षा (बदामाच्या रंगीत बिस्किटांच्या जोड्या) शंभर पटीने भारी, मॅकरॉन फोटोला छान दिसतात एवढंच. 'बाबा ओ र्हम' मात्र लेकरांना देऊ नका, तो रममध्ये भिजवलेला असतो, वर अजून ओततात.

आता आईंचं. फ्रेंच पेस्ट्रीत अंडं जवळपास सगळीकडे, क्रोसाँवर सुद्धा चकाकीसाठी अंड्याचा हात फिरवलेला असतो. आणि ते काचेत मांडलेले गुळगुळीत, आरशासारखे मूसचे केक असतात ना, त्यात गोठवायला जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) असतं आणि ते बहुतेक डुकराचं. त्यामुळे आईंना 'बागेत' म्हणजे तो लांबट फ्रेंच पाव द्या. 'बागेत द त्रादिस्याँ' म्हणून मागा, १९९३ च्या सरकारी नियमाप्रमाणे त्यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, एवढंच मुख्य. गरम बागेत, खारं लोणी आणि जर्दाळूचा जाम, खरं सांगतो पॅरिसमध्ये याच्याइतकं चांगलं फार कमी गोष्टी लागतात. शिवाय व्हेगन पातिसऱ्या आता बऱ्याच झाल्यात, तिथे अंडं, दूध, जिलेटिन, चरबी काहीच नाही, तिथे सगळे एका टेबलावर बसाल.

गोदाकाठ (नांदेड)

दादा, माझी लेक व्हिएन्नाला असते म्हणून लिहायलेय. तिथं एक लई सोयीचं हाय बघा. युरोपात २०१४ च्या डिसेंबरपासून नियम हाय की १४ ॲलर्जीचे पदार्थ कशात हायेत ते दुकानदारानं सांगायलाच पाहिजे, सुट्ट्या मालाचं बी. ऑस्ट्रियात त्याची अक्षरं ठरलेली हायेत, मेन्यूवर पदार्थापुढं बारीक लिहिलेली असतात. A म्हणजे गहू वगैरे, C म्हणजे अंडं, G म्हणजे दूध, H म्हणजे बदाम-अक्रोड. माझ्यासारखीला जर्मनचं ओ का ठो येत नाही पण C शोधायला येतं की. मी तर चष्मा लावून नुसतं C शोधत बसायचे आन् लेक हसायची.

पण ह्यात एक मेख हाय. जिलेटिन, डुकराची चरबी आन् दारू ह्या तीन गोष्टी त्या १४ मधे येतच नाहीत! म्हणजे C नाही म्हणून आईसाहेबांना बिनधास्त देऊ नका, हे तीन तोंडानं विचारायचेच. चरबीला जर्मनमधे 'श्माल्त्स' म्हणतात, काही ठिकाणी डोनट त्यात तळतात.

ॲपल श्ट्रुडल विचारून घ्या. त्याचं जुन्या पद्धतीचं पीठ नुसतं मैदा, पाणी, तेल, मीठ असं असतं, टेबलभर चादर पसरल्यावानी ताणतात, खालचं कापड दिसंल इतकं पातळ. आत सफरचंद, दालचिनी, बेदाणे आन् लोण्यात परतलेला पावाचा चुरा. काही जण पिठात अंडं घालतात, काही बेदाणे रममधे भिजवतात, म्हणून विचारायचं. आन् सोबत व्हॅनिला सॉस देतात ते नको म्हणायचं, त्यात अंड्याचा बलक असतो. फेटलेली साय चालंल.

आता ते झाखर टोर्ट, म्हणजे तिथला चॉकलेटचा केक. १८३२ ला फ्रान्स झाखर नावाच्या सोळा वर्षाच्या पोरानं मेटर्निख ह्या मंत्र्याच्या घरी केला म्हणतात. मग झाखर हॉटेल आन् डेमेल मिठाईवाले ह्या दोघांत खरा कुणाचा ह्याच्यावरून कोर्टकचेरी, १९६३ ला मिटली, 'ओरिजिनल' हा शब्द हॉटेलला मिळाला. हॉटेलवाल्यांच्यात जर्दाळूचा जाम वरच्या चॉकलेटखाली बी असतो आन् मधल्या थरात बी, डेमेलच्यात नुसता वरच्या चॉकलेटखाली. आपल्याकडं वाटणीवरून भांडतात तसं हे जामावरून. खायला म्हणाल तर मला कोरडाच वाटला, पण तो तसाच असतो, म्हणून तर बाजूला बिनसाखरेची फेटलेली साय देतात. घासाला साय लावूनच खायचा. रांगेत मी तरी थांबणार नाही, व्हिएन्नात कुठल्याही जुन्या कॉफी हाऊसात बसा, कॉफीसोबत चांदीच्या तबकात पाण्याचा ग्लास देतात, दोन तास बसलात तरी कुणी उठा म्हणत नाही. आईसाहेबांना बसायला लई बरं.

मोंढा (परभणी)

वरच्या ताईंनी चरबीचं बरं सांगितलं. इटलीत तिला 'स्त्रुत्तो' म्हणतात, लिहून ठेवा. सिसिलीच्या कानोलीचं (सारण भरलेली नळी) कवच बऱ्याचदा त्यात मळलेलं नाहीतर तळलेलं असतं, वर पिठात मार्साला वाईन. नेपल्सच्या त्या पदरापदराच्या स्फोल्यातेल्लामधे बी मूळ पद्धतीत तेच. पाना कोत्ता दिसायला एकदम सात्त्विक, दूध-साय-साखर, पण जिलेटिननं गोठवलेली. तिरामिसूत (कॉफी-मलईच्या थरांचा गोड पदार्थ) कच्चं अंडं आन् बऱ्याच ठिकाणी दारूचा शिडकावा. म्हणजे आईंसाठी रोममधे पेस्ट्रीचा नाद सोडा, जेलातोकडं म्हणजे तिथल्या आइस्क्रीमकडं चला.

फळांचे जेलातो बहुतेक नुसतं फळ, पाणी आन् साखर, लिंबू, स्ट्रॉबेरी, असले. 'फियोर दि लात्ते' म्हणजे नुसता दुधाचा, त्यात सहसा अंडं नसतं, 'क्रेमा' मधे असतंच. 'सेंझा उओवा?' असं विचारायचं, अंड्याशिवाय का म्हणून. आन् दुकान ओळखायचं कसं, तर जिथं रंगीत डोंगरच्या डोंगर रचून ठेवलेत तिथून पुढं चला. पिस्ता बघा, पोपटी असला तर रंग, मळकट तपकिरी-हिरवा असला तर पिस्ता. झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत ठेवलेला दिसला तर बिनघोर घ्या.

अजून एक, बारमधे उभ्यानं खाल्लं तर एक भाव, टेबलावर बसलं की दुसरा, दुप्पट सुद्धा होतो. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची मग ती काउंटरवर दाखवायची. आपल्या एसटी स्टँडच्या कँटीनला कुपन घेतो तसंच बघा. चौकातल्या टेबलावर पाच जण बसले की खिसा रिकामा.

मांजराकाठ (लातूर)

लई उपयोगाचं लिहिलंय सगळ्यांनी, बायकोनं वहीत उतरवून घेतलं. ताई ते C चं तर भारीच. आता एक नवीनच निघालंय, आईनं पंचांग काढलं, कार्तिकी एकादशी आमची इस्तंबूलमधे येतीय. त्या दिवशी काय? साबुदाणा नेतोच हाव पण भिजवून करायचा कुठं.

पैठणगेट (संभाजीनगर)

सुकं अंजीर, जर्दाळू, अक्रोड, पिस्ते. इस्तंबूलमध्ये उपवासाची काळजीच नको.

किल्लेधारूर (बीड)

मी आखातात नोकरीला, येताजाता इस्तंबूलला थांबणं होतं. सुट्टीच्या हिशोबानं तुम्ही नोव्हेंबरात असणार, तेव्हा रस्त्यारस्त्यावर भाजलेले चेस्टनट मिळतात, व्हिएन्ना-रोमला पण. कोळशावर भाजून कागदाच्या पुडीत देतात, साल चिरलेली असते, गरम गरम सोलायचं, आत पिवळट गर, गोडसर, पिठूळ. त्यात घालायला काहीच नसतं त्यामुळं माळ असो, उपवास असो, अडत नाही. (उपवासाला चालतो का यावर माझ्या आत्याचं अन् आईचं एकमत झालेलं नाही, तुमच्या घरचं तुम्ही बघा.)

बाकी दिवशी आईंना क्युनेफे खाऊ घाला, हट्टानं. शेवयांसारखं कदायिफ, त्याच्यात बिनमिठाचं ताजं चीज, पत्र्याच्या छोट्या ताटलीत लोणी लावून दाबतात अन् विस्तवावर ठेवतात. खालची बाजू लालसर झाली की गडी दुसरी ताटली वर घालून एका झटक्यात पालथं करतो, दुसरी बाजू भाजतो, मग वरून पाक, चर्र आवाज येतो, वर पिस्त्याचा चुरा. चमच्यानं उचललं की चीजची तार हातभर. अंडं नसतं. चीजला विरजण कशाचं लावलंय हे ज्यांना बघायचं असतं त्यांनी विचारावं, काही कारखाने वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात.

बकलाव्याच्या पिठात मात्र तिकडं अंडं घालतात, आईंना नको. तुम्ही खा. गाझियानतेपचा बकलावा २०१३ ला युरोपच्या भौगोलिक नावांच्या यादीत गेला, तुर्कस्तानचा पहिला माल तो. इस्तंबूलच्या काराकॉय भागात बोटीच्या घाटाजवळ जुनी दुकानं आहेत, किलोवर असतो पण दोन-तीन तुकडे पण देतात. तुकडा काट्यानं उलटा करून तोंडात घालायचा, पाकाची खालची बाजू टाळूला लागली पाहिजे. सोबत कायमाक म्हणजे म्हशीच्या दुधाची घट्ट साय. आपण खव्या-सायीच्या मुलखातली माणसं, तरी मी गप्प झालो होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नीट वाचा. 'तावुक ग्योस्यु' नावाची पांढरी खीर-बर्फी मिळते, वर दालचिनी. दिसायला अगदी दुधाची. त्यात कोंबडीच्या छातीचं मांस धाग्या-धाग्यानं बारीक करून शिजवलेलं असतं. खोटं नाही सांगत, ऑटोमन काळापासूनचा पदार्थ आहे. 'कझानदिबी' म्हणजे तळाला करपवलेली, ती पण मुळात त्याचीच, आता बऱ्याच ठिकाणी बिनकोंबडीची करतात पण विचारल्याशिवाय नाही. बाकी 'स्युतलाच' म्हणजे तांदळाची भाजलेली खीर, ती चालते, वरच्या थराला कुणी बलक लावतं का तेवढं विचारा.

हैद्राबाद_रोड (उदगीर)

विषय युरोपचाय पण राहवेना. मी ओसाकाला आयटीत, इकडं माळकऱ्यांची चंगळ हाय. दाइफुकु, योकान असल्या जुन्या मिठायांत लाल चवळीसारख्या अझुकीचं सारण, तांदळाचं पीठ, साखर, आन् गोठवायला समुद्री शेवाळाचं कांतेन. अंडं नाही, दूध बी नाही. तोक्योत गिन्झाला किमुराया म्हणून बेकरीय, अझुकीचं सारण भरलेला पाव त्यांनी १८७४ ला काढला आन् पुढच्याच वर्षी सम्राट मेइजीला नेऊन दिला. खाऊन बघितला तर आतलं सारण थेट पुरणच, वेलदोडा तेवढा नाही. (ह्या पावाच्या पिठात अंडं-लोणी असू शकतंय, ते विचारा.) मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात मिठायांचे काउंटर असतात, नुसतं बघत हिंडलं तरी तास जातो. पुढच्या वेळी आईंना इकडं आणा.

गोदाकाठ (नांदेड)

उदगीरकर, आधी त्यांना इस्तंबूल तर होऊ द्या! लिस्बनचं कुणीच कसं लिहिलं नाही? यादीत नाही म्हणून सोडा, पण लेकीसोबत गेले होते. तिथल्या बेलेम भागात मठाशेजारी १८३७ पासूनचं दुकान हाय, अंड्याच्या बलकाच्या वाट्या, वर काळे डाग पडेस्तोवर भाजलेल्या, टेबलावर दालचिनी आन् पिठीसाखर ठेवलेली. मठातले लोक अंड्याचा पांढरा भाग कपड्याच्या खळीला वापरायचे, बलक उरायचा, त्याचं हे झालं असं सांगतात. बाहेर पार्सलची रांग बघून घाबरू नका, आत निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या हायेत, बसायला जागा लवकर मिळती. रांगेचं म्हणाल तर तिथं मी थांबंन बाई.

मांजराकाठ (लातूर)

कोंबडीची खीर आईला वाचून दाखवली. आधी विश्वासच बसंना, मग म्हणली, त्या गावात मी पाणी बी विचारून पिणार. आता काय करावं!

किल्लेधारूर (बीड)

आईंना सांगा, आशुरे मागायची. गहू, हरभरे, पांढऱ्या शेंगाबिया, जर्दाळू, अंजीर, बेदाणे एकत्र शिजवून वर डाळिंबाचे दाणे, अक्रोड. प्रलयातून वाचलेल्या नोहाची नाव किनाऱ्याला लागली तेव्हा उरलंसुरलं धान्य एकत्र करून केली अशी गोष्ट सांगतात. अंडं नाही, जिलेटिन नाही, कोंबडी तर नाहीच. थंडच देतात, दुधाच्या मिठाईच्या दुकानात बाराही महिने असते. फक्त एकादशीला नाही, गहू आहे त्यात.