टाक्या रिकाम्या पडल्या त्या शेतकरी अडाणी म्हणून?

इंदापूरकर: काल इथे एकाने लिहिलं, "अनुदान देऊनही बायोफ्लॉकच्या टाक्या रिकाम्या, कारण आपल्या शेतकऱ्याला नवं काही नकोच." गप्प बसवेना. बायोफ्लॉक म्हणजे टाकीत दाटीने मासे वाढवायचे; पाण्यातली घाण जिवाणू खातात आणि त्यांचेच गोळे मासे खातात. ज्यांनी टाक्या बसवल्या तेच नवं करायला पुढे आले होते ना? २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत सात टाक्यांचा संच साडेसात लाखांचा. अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०. पण आधी खिशातून घालायचे, मग मागायचे. त्यात हवा चोवीस तास चालू लागते. माझ्या चुलतभावाकडे रात्री वीज गेली, जनरेटर सुरू होईना, सकाळी सगळे तिलापिया उलटे तरंगत होते. आता घरात टाकीचं नाव काढलेलं चालत नाही. तो अडाणी?

मत्स्यपदवीधर: वाईट झालं. पण वीज जाते हे माहीत असताना जनरेटर तपासून ठेवायला नको? माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया तपासायचं किट सीलबंद आणि जिवाणूंसाठी घालायचा गूळ अंदाजाने, अशा टाक्या मी पाहिल्यात. शेततळ्यात रोहू-कटला सोडून दोन दिवस गावाला जाता येतं, इथे नाही. ज्याला रोज पाणी बघणं जमत नाही त्याने घेऊ नये.

भंडाऱ्याची: किट सीलबंद, कारण आकडा आला तर पुढे काय करायचं हे सांगायला कोणी येत नाही. आणि टाकी राहू द्या, मासा विकायचा कुठे? नागपुरात आंध्रचा बर्फातला मासा उतरतो आणि आमचा ताजा मासाही त्याच दराने मागतात.

मत्स्यपदवीधर: ताई, विषय काहीही असो, तुम्ही आंध्रवर येताच.

भंडाऱ्याची: येणारच! पोट त्यावर आहे. तुम्ही पदवी घेऊन बोलता, आम्ही ढिवर मासेमार पिढ्यान्‌पिढ्या मालगुजारी तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या गावतलावात उतरतो.

तळेवाला: आंध्रवर राग का? कोल्लेरू, भीमावरमकडे बीज, खाद्य, बर्फ, व्यापारी सगळं जवळ. शेजाऱ्याचं तळं पिकलेलं दिसतं, म्हणून दुसरा धजावतो. व्याख्यानं ऐकून कोणी तळं खोदत नाही.

भंडाऱ्याची: तेच म्हणतेय! आमच्याकडे बोटुकली, म्हणजे तलावात सोडायची बोटाएवढी पिल्लं, येते पावसाळा सरताना, तीही बारीक. उन्हाळ्याच्या तोंडावर तलाव आटतो. मासा वाढणार कधी? मग सगळ्या मच्छीमार संस्था एकदमच जाळी टाकतात आणि दर पडतो. आंध्रचा व्यापारी बारा महिने माल देतो, गिऱ्हाईक त्याचंच होतं. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भावाने पाव किलोचे कटले मिळेल त्या भावाने दिले. त्याला तुम्ही टाकी घे म्हणणार?

मत्स्यपदवीधर: बीज उशिरा येतं, हे मान्य. पण एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, वीज कृषी दराने मिळणार. म्हणजे काहीच होत नाही असंही नाही.

इंदापूरकर: दर उतरला तर बिल उतरेल. रात्री दोन वाजता हवा बंद पडली की मासे मरायचे ते मरणारच.

मत्स्यपदवीधर: बरं, जिथे वीज भरवशाची नाही तिथे बायोफ्लॉक देऊ नये. एवढं मानतो. शेतकऱ्याने रोज पाणी बघायला हवं, हे मात्र सोडणार नाही.

भंडाऱ्याची: बघू की रोज. आम्हाला टाकी नको. तलावाशेजारी उन्हाळाभर पाणी टिकेल असं पिल्लं वाढवायचं एक छोटं संगोपन तळं द्या आणि जिरे, म्हणजे अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, वेळेवर द्या. बोटुकली आम्हीच वाढवू, पहिल्या पावसात मोठी करून सोडू. ते करून फसलो, तर खुशाल अडाणी म्हणा.